क्योटोतलं कैसेकी जेवण: आधी काय ठरवायचं, पानावर काय करायचं

क्योटोतल्या चांगल्या जपानी रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळी गेलात तर मेन्यूकार्ड पुढ्यात येत नाही. आलाच तर एक कागद येतो, ओशिनागाकी, आणि त्यावर आज काय काय वाढणार ते लिहिलेलं असतं. हा कागद निवडण्यासाठी नसतो, नुसता वाचण्यासाठी असतो. किंमत ठरलेली, पदार्थ ठरलेले, क्रमही ठरलेला. बसल्यावर तुम्हाला एकच प्रश्न विचारला जातो: प्यायला काय आणू? बाकी सगळे निर्णय बुकिंगच्या वेळीच होऊन गेलेले असतात. नवख्या माणसाची फजिती होते ती नेमकी इथे. जेवायच्या काड्या (चॉपस्टिक्स) धरता येत नाहीत म्हणून कोणाचं जेवण वाया जात नाही. ‘तिथे गेल्यावर सांगू’ म्हणून जे ठेवलेलं असतं, त्यानं जातं.

या जेवणाला कैसेकी म्हणतात. एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत, लिपीत वेगळे. एक चहाविधीच्या आधीचं साधं जेवण, ज्याचं नाव सोळाव्या शतकातल्या सेन नो रिक्यू या चहाच्या आचार्यांशी जोडलेलं आहे. दुसरं मद्याच्या सोबतीनं चालणारं मेजवानीचं जेवण. पहिल्यात भात आणि सूप सुरुवातीलाच येतात, दुसऱ्यात भात शेवटी. रेस्टॉरंटमध्ये तुम्हाला मिळणार ते बहुधा दुसऱ्या पद्धतीचं, मग पाटीवर कुठलीही अक्षरं असोत.

बुकिंग: खरं काम इथे

पहिल्यांदा जात असाल तर रात्रीचं नको, दुपारचं घ्या. त्याच स्वयंपाकघरातलं दुपारचं जेवण बऱ्याच ठिकाणी ५,००० ते १०,००० येनमध्ये होतं, रात्रीचं १५,००० पासून सुरू होतं आणि नावाजलेल्या जागी ३०,००० च्या वर सहज जातं. दुपारी पदार्थ दोन-तीन कमी, वेळ दीड तास. रात्री दोन ते अडीच तास धरा.

एकाच जागी तीन दरांचे कोर्स असतात. कधी त्यांना मात्सु, ताके, उमे अशी नावं असतात, म्हणजे पाइन, बांबू आणि प्लम. मात्सु सगळ्यात महाग, उमे सगळ्यात स्वस्त. पहिल्या खेपेला मधला किंवा खालचा घ्या. वरच्या कोर्समध्ये पदार्थांची संख्या फार वाढते असं नाही, जिन्नस महाग होत जातात: खेकडा, वाग्यू हे जपानी गोमांस, शरद ऋतूत मात्सुताके मशरूम. हा फरक पहिल्याच जेवणात जिभेला कळत नाही, खिशाला मात्र कळतो.

किंमत वाचताना कर धरलाय का ते पाहा. बसून खाण्यावर १० टक्के कर आहे आणि त्याखेरीज १० ते १५ टक्के सेवाशुल्क लागू शकतं. समजा कोर्स १२,००० येनचा आहे, दोन्ही वेगळे आणि सेवाशुल्क १० टक्के. आधी सेवाशुल्क लागून १३,२००, मग कर लागून १४,५२०. दोघांचे २९,०४०, आणि यात पेयं नाहीत. टीप मात्र द्यायची नाही. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर वाढणारी बाई ‘विसरलात’ म्हणून रस्त्यापर्यंत धावत येईल.

मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लाल पानं, या दोन हंगामांत जागा मिळणं अवघड. अशा वेळी दोन महिने आधीपासून लागा. जपानीत फोन करता येत नसेल तर सोपा मार्ग म्हणजे तुमचं हॉटेल. खोली पक्की झाली की रिसेप्शनला ईमेल करा: तारीख, दोन पर्यायी वेळा, माणसं किती, कोर्स कुठला, खाण्याची पथ्यं कुठली आणि खुर्ची हवी का. टेबलचेक, ताबेलोगसारख्या साइटवर इंग्रजीतून बुकिंग होतं, पण तिथे कार्ड द्यावं लागतं आणि रद्द करण्याच्या अटी कडक असतात. त्याच दिवशी रद्द केलं तर सहसा पूर्ण पैसे जातात. चौघांचं सांगून तिघं गेलात तरी चौघांचेच द्यावे लागू शकतात. यात अन्याय काही नाही. त्या चौथ्या माणसाचा मासा सकाळीच बाजारातून आलेला असतो.

क्योटोत काही जुन्या जागा ओळखीशिवाय नवा गिऱ्हाईक घेतच नाहीत. या प्रथेला ‘इचिगेनसान ओकोतोवारी’ म्हणतात. नकार आला तर मनाला लावून घेऊ नका, तो तुमच्या देशाला नसतो, टोकियोच्या माणसालाही तोच मिळतो. लहान मुलं बरोबर असतील तर ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, निदान काउंटरवर, म्हणजे आचाऱ्याच्या समोरच्या जागी, तरी नाहीच.

शाकाहारी असाल तर हा भाग दोनदा वाचा

‘व्हेजिटेरियन’ एवढं लिहून भागत नाही. त्याचा तिथला अर्थ अनेकदा ‘मांस नको’ एवढाच होतो. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी आहे, म्हणजे कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, अर्थात वाळवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाचा कीस, यांचं पाणी. सूपमध्ये ते असतंच, शिवाय शिजवलेल्या भोपळ्यात, पालकाच्या कोशिंबिरीत, तेंपुरा या भज्यांसारख्या तळणाच्या सॉसमध्ये, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपमध्ये, अंड्याच्या चावानमुशीतही असतं. ताटात माशाचा तुकडा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही.

म्हणून ईमेलमध्ये चार गोष्टी वेगवेगळ्या लिहा: मांस नाही, मासे व शिंपले नाहीत, कात्सुओची दाशी नाही, आणि अंडं-दूध चालतं की नाही. कोंबू-दाशी चालते हेही आवर्जून लिहा, त्यानं आचाऱ्याला वाट मिळते. तोंडी सांगायची वेळ आली तर: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो दामे देस. कोंबु-दाशी वा दाइजोबु देस.’ पण हे दारात उभं राहून म्हणण्यात अर्थ नाही. दाशी सकाळी बनते, बहुतेक सगळे पदार्थ तीवर उभे असतात, आणि ऐन वेळी स्वयंपाकघराला दुसरं जेवण उभं करता येत नाही. काही जागा शाकाहारी कोर्ससाठी आधीच नम्र नकार देतात. तो नकार चांगला समजा. ‘बघू, करू’ म्हणणाऱ्या जागेपेक्षा तो परवडला.

खोटी ॲलर्जी सांगू नका. सोया सॉसमध्येही गहू असतो. ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हटलंत की अर्धं स्वयंपाकघर बंद पडतं. नावड असेल तर नावड म्हणा. गोमांस नको असेल तर तेही आत्ताच सांगा, कारण भाजलेला पदार्थ कधीकधी बीफचा असतो: ‘ग्यूनिकु वा ताबेमासेन.’ गरोदर बाई बरोबर असेल तर कच्चा मासा नको हे लिहायला विसरू नका.

पूर्ण शाकाहारी माणसानं कैसेकीच्या मागे न लागता शोजिन र्योरीकडे वळावं, असं आमचं स्पष्ट मत. हे बौद्ध मठातलं जेवण, तेही ठरलेल्या दराचं आणि ठरलेल्या क्रमाचं. दाशी कोंबू आणि सुक्या शिताके मशरूमची, मांस-मासे नाहीत, कांदा-लसूण वर्गातलंही काही नाही. अराशियामा भागातल्या तेन्र्यूजी मंदिराच्या आवारातलं शिगेत्सु यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे कोर्सांची नावं युकी, त्सुकी, हाना, म्हणजे बर्फ, चंद्र, फूल. जेवण फक्त दुपारी, आणि आत जायला बागेचं तिकीट वेगळं. पानात गोमा-दोफू येतं, ज्यात नावापुरतंच टोफू असतं, ते तीळ आणि कुझू नावाच्या वेलीच्या मुळाच्या सत्त्वाचं असतं. युबा येतं, ही सोया दुधावरची साय. फू म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनचा पदार्थ. चातुर्मास पाळणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की कांदा-लसूण नसलं तरी वांगं हमखास भेटू शकतं. जैन मंडळींना मुळा, गाजर, कमळकाकडीची अडचण येईल, तेव्हा आधी विचारावं.

त्या दिवशी

दुपारी भरपेट रामेन खाऊन संध्याकाळी कैसेकीला जाऊ नका. छोट्या छोट्या वाट्या बघून ‘एवढंसंच?’ वाटतं, पण आठ-नऊ पदार्थांनंतर भात येतो तेव्हा पोटात जागा नसते. अत्तर, परफ्यूम लावू नका. सूपचा सुगंध हा त्या जेवणाचा अर्धा भाग आहे, आणि तुमच्या अत्तरानं शेजारच्याचाही तो भाग बुडतो. मोठ्या अंगठ्या, कडी, खडखडणाऱ्या बांगड्या काढून ठेवा, कारण लाखेच्या वाट्यांवर ओरखडे उठतात आणि त्या वाट्या तुमच्या-आमच्यापेक्षा वयानं मोठ्या असू शकतात. स्वच्छ, न फाटलेले मोजे घाला. बूट दारात काढायचेत, आणि तातामीवर, म्हणजे तिथल्या गवती चटयांवर, अनवाणी जाणं बरं दिसत नाही.

पाच मिनिटं आधी पोहोचा, वीस मिनिटं आधी नाही. उशीर होणार असेल तर फोन करा. पंधरा मिनिटं वाट पाहून बुकिंग सोडून देणाऱ्या जागा आहेत. काउंटरवर तर सगळ्यांना एकदमच वाढायला सुरुवात होते, त्यामुळे तुमच्यासाठी सगळी रांग खोळंबते.

आत गेल्यावर बूट काढा आणि तिथेच सोडा, कर्मचारी उचलून ठेवतात. तातामीच्या कापडी काठावर पाय देऊ नका. गुडघे टेकून बसायची सक्ती नसते, मांडी घातलीत तरी चालतं, आणि ती आपल्याला सवयीची. आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर ‘इसु-सेकी’, म्हणजे खुर्चीची जागा, बुकिंगमध्येच मागा. होरीगोतात्सु असेल तर टेबलाखाली पाय सोडायला खड्डा असतो, तेही उत्तम. स्वच्छतागृहाच्या चपला वेगळ्या असतात. त्या घालून परत तातामीवर येणं ही परदेशी पाहुण्यांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि सगळ्यांना ती दिसते.

ओला रुमाल येतो, ओशिबोरी. तो फक्त हातांसाठी. मोबाइल, किल्ल्या, पर्स लाकडी काउंटरवर ठेवू नका, त्या सायप्रसच्या जातीच्या हिनोकी लाकडाला चरा पडतो. फोटो काढायचा तर आधी विचारा, फ्लॅश नको, आणि एकाच पदार्थाचे दहा नकोत. गरम वाटी निवते ती तेवढ्यातच.

मग तो एकुलता प्रश्न. दुपारी चहावर भागतं, आणि तो बहुधा फुकट असतो. रात्री निदान एक पेय मागवण्याचा रिवाज आहे. दारू घेत नसाल तर ऊलाँग चहा किंवा उमे सोडा मागा. साके, म्हणजे तांदळाची दारू, घेत असाल तर माप ‘गो’चं, एक गो म्हणजे १८० मिलिलिटर. स्वतःच्या प्याल्यात स्वतः ओतत नाहीत, दुसऱ्याचा प्याला भरायचा, तो तुमचा भरेल.

पान वाढलं जातं

साकिझुके म्हणजे सुरुवातीचा घास. हास्सुन हे ऋतूचं तबक. नाव मापावरून आलं, आठ सुन, म्हणजे साधारण २४ सेंटिमीटरची चौकोनी देवदार-थाळी. ती कुठे दुसरी येते, कुठे मध्यावर. तबकात पानं-फुलं असतात, त्यातली मेपलची पानं, पाइनच्या काड्या खायच्या नसतात. शिसो या सुगंधी झुडपाचं पान आणि मुळ्याचा बारीक कीस मात्र खातात.

मुकोझुके म्हणजे साशिमी. फिक्या माशापासून गडद माशाकडे जा, आधी पांढरा ताई, मग ट्यूना. वासाबी सोया सॉसमध्ये कालवू नका. काडीच्या टोकानं चिमूटभर माशावर ठेवा, घडी घाला आणि कडेला जरासा सॉस लावा. कालवलं की वासाबीचा वास उडतो, उरतो नुसता झणका.

वानमोनो, झाकणाची वाटी. क्योटोचा आचारी याच पदार्थावर तोलला जातो, तेव्हा इथे जरा थांबा. काळी किंवा तांबडी लाखेची वाटी येते. झाकण ओढून निघत नाही, आतली वाफ निवून ते चिकटलेलं असतं. जोर लावलात तर वाटी उलटते. डाव्या हातानं वाटीच्या कडा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा, वाटी किंचित लवते, हवा आत शिरते, आणि उजव्या हातानं झाकण अलगद सुटतं. ते वाटीवरच तिरपं धरा, आतले थेंब वाटीत पडू द्या, मग उलटं करून उजवीकडे ठेवा.

आता घाई नको. आत पाण्यासारखं स्वच्छ सूप असतं. त्यात तीन गोष्टी: मुख्य तुकडा, सोबतीची भाजी किंवा शेवाळ, आणि वर सुगंधाचा एक ठिपका, हिवाळ्यात युझू या लिंबाच्या जातीच्या फळाची साल, वसंतात सान्शो या तिरफळाच्या जातीच्या झाडाची कोवळी पानं. आधी वास घ्या, वाटी दोन्ही हातांनी उचलून एक घोट घ्या, मगच काड्यांना हात लावा. पहिला घोट अळणी वाटेल. आपल्या आमटीच्या हिशेबात तो अळणीच आहे. वाटी संपेपर्यंत प्यायल्यावर मीठ बरोबर वाटावं, असा तो बेतलेला असतो. पहिल्याच घोटाला पुरेसं लागलं तर शेवटी खारट होईल. जुलैमध्ये गेलात तर यात हामो मिळेल, काटेरी ईलसारखा मासा. त्याची हाडं काढता येत नाहीत म्हणून कातडी न कापता, ३ सेंटिमीटरमध्ये चोवीसेक बारीक चिरा दिलेल्या असतात. शिजल्यावर तो फुलासारखा उमलतो. जुलैतल्या गिओन उत्सवाचे दिवस आणि हामो ही क्योटोतली जोडगोळी. वाटी संपली की झाकण आलं होतं तसंच सुलटं लावा. उलटं ठेवलं तर नक्षीला घासतं.

याकिमोनो, भाजलेलं. अख्खा मासा आला तर वरची बाजू खाऊन काटा उचलून बाजूला ठेवा आणि खालची बाजू खा, मासा उलटू नका. उन्हाळ्यातला छोटा आयु मात्र डोक्यासकट खातात, पोटातला कडूपणा हीच त्याची चव. बाजूला गुलाबी-पांढरी आल्याची कांडी असते, तिचा पांढरा भाग चावून खा, तोंड साफ होतं.

त्यानंतर शिजवलेल्या भाज्या, कुठे तेंपुरा, कुठे व्हिनेगरमधलं काही. यावर फार लिहिण्यासारखं नाही. गरम आहे तोवर खा.

मग शोकुजी: भात, लोणचं, मिसो सूप. आपल्याकडे वरणभात-तुपानं पान सुरू होतं, इथे भात आला की समजायचं, जेवण संपत आलं आणि साकेही थांबवायची. भातावर सोया सॉस ओतू नका. पिशवीतलं कैरीचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी कितीही आठवली तरी ती पिशवीतच राहू द्या. भात आणखी हवा तर ‘ओकावारी’ म्हणा. मातीच्या भांड्यातला भात उरला तर काही ठिकाणी त्याच्या ओनिगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्या, करून बांधून देतात. बाकी उरलेलं अन्न बांधून मिळत नाही. शेवटी फळ, किंवा गोड पदार्थ आणि माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा घुसळलेला चहा. माच्चाच्या आधी गोड खाऊन संपवा, कडू चहा त्याच्यावर बसतो.

काड्यांचं थोडक्यात

भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, मृताला नैवेद्य तसा दाखवतात. काडीनं काडीत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. या दोन चुका खरोखर टोचतात. बाकीच्या माफ होतात. आपली एक खास सवय मात्र सोडा: घास सांडू नये म्हणून खाली तळहात धरणं. तिथे ते वाईट दिसतं. त्याऐवजी छोटी वाटी किंवा बशी उचलून तोंडाजवळ न्या, वाटी हातात घेऊन खाणंच तिथे रीतीला धरून आहे. काड्या जमत नसतील तर चमचा मागा, कोणी हसत नाही. सुशी आली तर ती हातानं खाल्ली तरी चालते.

बिल टेबलावर किंवा दाराशी. ‘ओकाइकेइ ओनेगाइशिमास’ म्हणा. पैसे हातात देऊ नका, छोटा तबक असतो त्यात ठेवा. लहान जागी कार्ड चालेलच असं नाही, पुरेशी रोकड जवळ असू द्या. प्रत्येकाचं वेगळं बिल मागू नका, हॉटेलवर गेल्यावर हिशेब करा. निघताना ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणा, काउंटरवर असाल तर आचाऱ्याकडे बघून म्हणा. ते दारापर्यंत येतील आणि तुम्ही वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभे राहतील. म्हणून दारातच टॅक्सी शोधत, नकाशा बघत थांबू नका. चालायला लागा, आणि कोपऱ्यावर एकदा मागे वळून मान लववा.